श्रेष्ठत्वाचे माप

१९९९ साली, विसावे शतक सरत आले असता, ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या अमेरिकन क्रीडानियतकालिकाने व्यावसायिक फुटबॉलमधील शंभर श्रेष्ठ खेळाडूंची क्रमवार यादी प्रसिद्ध केली. तीत पहिले नाव जिम ब्राऊन याचे होते आणि दुसरे जेरी राईस याचे. अकरा वर्षांनी, २०१० साली, नॅशनल फुटबॉल लीग या तेथील प्रमुख संघटनेच्या दूरचित्रवाणी वाहिनीने शंभर खेळाडूंची अशीच एक यादी सादर केली. तीत राईस पहिला आणि ब्राऊन दुसरा. ब्राऊनने १९६५ च्या हंगामानंतर मैदानाकडे पाठ फिरवली होती. घरी बसलेल्या माणसाचा खेळ अकरा वर्षांत घटत नाही. तरीही त्याचा क्रमांक घटला. याचा अर्थ एवढाच की, या अवधीत माणूस बदलला नसला तरी त्याला मोजण्याचे माप बदलले होते. श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला अमेरिकेने शंभर वर्षांत जी वेगवेगळी उत्तरे दिली, त्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या मापांचाच इतिहास आहे.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लांबट आकाराचा चेंडू हातात धरून पळत जायचे, किंवा तो पुढच्या सहकाऱ्याकडे फेकायचा आणि शंभर यार्डांच्या मैदानावर प्रतिस्पर्ध्याच्या सीमेपार न्यायचा, हे या खेळाचे स्थूल स्वरूप आहे. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात दहा यार्डांची मजल मारली तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्या संघाकडे. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात आणि त्यांची कामे अत्यंत भिन्न असतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, कोणी तो झेलतो, कोणी तो घेऊन धावतो. त्यांच्या पुढ्यात उभे राहणारे पाच धिप्पाड गडी मात्र सहसा चेंडू झेलतही नाहीत आणि तो घेऊन धावतही नाहीत. समोरून येणाऱ्यांना अंगावर घेऊन थोपवून धरणे, एवढेच त्यांचे काम.

क्रिकेटमधील फलंदाजाची सरासरी बव्हंशी त्याची स्वतःची असते. येथे तसे नाही. एखादा धावणारा गडी वीस यार्ड जातो, तेव्हा ती वाट इतर दहा जणांनी मोकळी करून दिलेली असते, परंतु वहीत ते वीस यार्ड एकट्याच्या नावे जमा होतात. अकरांची कमाई एकाच्या खात्यावर मांडली जाते, ही या खेळातील क्रमवारीची मूळची अडचण होय.

या संघटनेचा जन्म १९२० साली ओहायो राज्यातील कॅन्टन या गावी, राल्फ हे नावाच्या गृहस्थाच्या मोटारविक्रीच्या दालनात झाला. निरनिराळ्या गावांच्या संघांचे प्रतिनिधी तेथे जमले आणि त्यांनी जिम थॉर्प यास अध्यक्ष केले. थॉर्प कारभारात निष्णात होता म्हणून नव्हे, तर त्याचे नाव देशभर ठाऊक होते म्हणून. तो सॅक अँड फॉक्स या मूळ अमेरिकन जमातीचा. कार्लाईल येथील इंडियन शाळेतून तो पुढे आला आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथ्लॉन आणि डिकॅथ्लॉन अशी दोन सुवर्णपदके मिळविली. पुढच्याच वर्षी, पूर्वी कधी काळी अल्प मोबदल्यावर बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून ती पदके काढून घेण्यात आली. व्यावसायिक फुटबॉल तो १९१५ पासून १९२८ पर्यंत खेळला. १९५० साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पत्रकारांचा कौल घेतला, तेव्हा अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू म्हणून त्याचीच निवड झाली.

ही निवड कशाच्या आधारे झाली? आकड्यांच्या नव्हे. संघटनेने खेळाडूंच्या कामगिरीची अधिकृत मोजदाद १९३२ पासून सुरू केली. तत्पूर्वीच थॉर्पचा खेळ संपला होता. त्याने किती यार्ड धाव घेतली, किती वेळा प्रतिस्पर्ध्याला लोळवले, याचा हिशेब कोणीच ठेवला नाही. रेड ग्रेंज याचीही बरीचशी कारकीर्द या मोजणीपूर्वीची. १९२५ साली विद्यापीठातून थेट शिकागो बेअर्स संघात आलेला हा तरुण पाहण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये सुमारे सत्तर हजार लोक लोटले आणि तोवर गावगन्ना समजल्या जाणाऱ्या या धंद्याला प्रतिष्ठा आली. १९५० चे पत्रकार थॉर्पला आणि ग्रेंजला ओळखत होते, ते स्वतःच्या आठवणीतून अथवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या कथांतून. तेव्हाचे माप कीर्तीचे होते. ती आठवण सांगणारी पिढी गेली, तसे ते मापही गेले. १९९९ च्या यादीत थॉर्प पहिल्या पाचांत उरला नव्हता.

मोजणी सुरू झाल्यानंतरचे पहिले मोठे नाव डॉन हटसन याचे. ग्रीन बे पॅकर्स संघातून १९३५ ते १९४५ पर्यंत खेळताना त्याने चेंडू झेलून ९९ टचडाउन केले. हा उच्चांक १९८९ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. १९४२ च्या ११ सामन्यांच्या हंगामात त्याने ७४ झेल, १,२११ यार्ड आणि १७ टचडाउन अशी कामगिरी केली. त्याच काळात वॉशिंग्टनच्या संघात सॅमी बॉ हा क्वार्टरबॅक होता. एकच गडी चढाईतही आणि बचावातही उतरे, असे ते दिवस. १९४३ साली चेंडू फेकण्यात बॉ पहिला आला, पायाने लांब उडविण्यात पहिला आला आणि बचावास उभा राहून प्रतिस्पर्ध्याची फेक मधल्यामध्ये पकडण्यातही पहिला आला. पुढे प्रत्येक कामासाठी स्वतंत्र गडी ठेवण्याची पद्धत रूढ झाल्यावर असा पराक्रम करण्याची संधीच कोणाला राहिली नाही.

हे आकडे थक्क करणारे आहेत यात संशय नाही. तथापि १९४२ ते १९४५ ही महायुद्धाची वर्षे होती आणि अनेक खेळाडू सैन्यात गेले होते. त्याहूनही गंभीर गोष्ट दुसरीच आहे. १९३४ पासून १९४५ पर्यंत, तब्बल बारा हंगाम, या संघटनेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. आरंभी अशी स्थिती नव्हती. १९२० साली अजिंक्य ठरलेल्या अ‍ॅक्रन संघाचा आधारस्तंभ फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय होता आणि पुढच्या वर्षी त्या संघाच्या मार्गदर्शनाची धुराही त्याने वाहिली. १९३३ मध्ये जो लिलार्ड आणि रे केम्प हे दोघे खेळत होते. त्यानंतर कोणताही लेखी नियम न करता दार बंद झाले.

या बंद दाराबाहेर केनी वॉशिंग्टन उभा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघात, पुढे बेसबॉलमध्ये इतिहास घडविणारा जॅकी रॉबिन्सन हा त्याचा सहकारी. १९३९ च्या हंगामात वॉशिंग्टनची गणना देशातील उत्कृष्ट विद्यार्थी खेळाडूंत होत होती, परंतु संघटनेच्या एकाही संघाने त्याला बोलावले नाही. उमेदीची वर्षे त्याने पश्चिम किनाऱ्यावरील एका लहान व्यावसायिक मंडळाच्या सामन्यांत घालविली. १९४६ साली रॅम्स संघ क्लीव्हलँड सोडून लॉस एंजेलिसला आला. तेथील मोठे क्रीडांगण सार्वजनिक मालकीचे होते. सर्वांच्या पैशाने उभारलेल्या क्रीडांगणावर वर्णभेद चालणार नाही, असा आग्रह कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला आणि रॅम्सने वॉशिंग्टनशी व पाठोपाठ वुडी स्ट्रोडशी करार केला. वॉशिंग्टनचे वय तेव्हा सत्तावीस उलटून चालले होते आणि गुडघे जायबंदी झाले होते. अशा गुडघ्यांनिशी १९४७ साली त्याने दर धावेमागे ७.४ यार्ड ही संघटनेतील सर्वोत्तम सरासरी राखली आणि एकदा ९२ यार्ड धावून टचडाउन केला. १९४८ नंतर तो निवृत्त झाला.

त्याचे अधिकृत आकडे तीन हंगामांचे आहेत. आधीच्या सहा हंगामांत तो काय करू शकला असता, हे कोणत्याही वहीत सापडणार नाही. क्लीव्हलँड ब्राऊन्स या नव्या संघाने १९४६ मध्येच मॅरियन मॉटली आणि बिल विलिस यांना घेतले, ते दोघे पुढे कॅन्टनच्या कीर्तिमंदिरात गेले. राजधानीच्या संघाने मात्र १९६२ पर्यंत हे दार किलकिलेही केले नाही. त्याचे नवे क्रीडांगण केंद्र सरकारच्या जमिनीवर होते, आणि केनेडी सरकारने तंबी दिल्यावरच बॉबी मिचेल त्या संघात आला. हटसन आणि बॉ यांचे उच्चांक खरे आहेत; परंतु ते ज्या मैदानावर झाले, ते सर्वांना खुले नव्हते, ही नोंद त्या आकड्यांशेजारी कोठेही केलेली नसते.

दार उघडल्यानंतर अकरा वर्षांनी, १९५७ साली, जिम ब्राऊन क्लीव्हलँडच्या संघात आला. तो नऊ हंगाम खेळला. त्यांपैकी आठ हंगामांत चेंडू घेऊन धावण्यात तो संघटनेत पहिला होता. ११८ सामने, त्यांतला एकही चुकविला नाही, १२,३१२ यार्ड, दर धावेस ५.२ यार्ड. १९६३ च्या १४ सामन्यांत त्याने १,८६३ यार्ड मजल मारली. दर सामन्याची त्याची सरासरी १०४ यार्डांवर भरते. १९६६ च्या उन्हाळ्यात, एका चित्रपटासाठी इंग्लंडमध्ये असताना, वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली.

ब्राऊनच्या एकूण यार्डांचा उच्चांक वॉल्टर पेटनने १९८४ साली मोडला. पण त्या आकड्याशी पोहोचेपर्यंत तो त्याचा १३६ वा सामना होता. २००२ मध्ये एमिट स्मिथने पेटनला मागे टाकले आणि अखेर १८,३५५ यार्डांपर्यंत मजल नेली. ब्राऊनच्या आरंभीच्या चार वर्षांत हंगाम १२ सामन्यांचा होता. १९६१ पासून तो १४ चा झाला, १९७८ पासून १६ चा आणि २०२१ पासून १७ चा. एकूण बेरीज पाहिली तर दीर्घकाळ टिकणाऱ्याचे पारडे जड होते, सरासरी पाहिली तर अल्पकाळ तळपणाऱ्याचे. राईस वीस हंगाम खेळला. मिसिसिपीतील एका गवंड्याचा हा मुलगा कृष्णवर्णीयांच्या एका लहानशा महाविद्यालयातून १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात आला आणि २००४ पर्यंत त्याने १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड आणि २०८ टचडाउन एवढी राशी जमविली. १९९९ ते २०१० या अवधीत ब्राऊनच्या खात्यात काही उणे झाले नाही, परंतु राईसच्या खात्यात भर पडत गेली. ज्यांनी बेरजेचे माप घेतले त्यांनी त्याला वर बसविले. यात कोणाची लबाडी नाही. दोन्ही मापे प्रामाणिक आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

बेरजेच्या मापात आणखी एक दोष दडलेला आहे. १९७८ साली संघटनेने नियम बदलले. चेंडू झेलण्यास निघालेल्या गड्याला पाच यार्डांपलीकडे अडविण्यास बंदी झाली आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांना हात पुढे करून प्रतिस्पर्ध्यास रेटण्याची मुभा मिळाली. फेकीचा खेळ त्यामुळे पुष्कळ सुकर झाला. या बदलापूर्वीचा थोर क्वार्टरबॅक म्हणजे जॉनी युनायटस. पिट्सबर्गच्या संघाने १९५५ साली त्याला नाकारले, तेव्हा सामन्यास सहा डॉलर घेऊन तो गल्लीतील एका संघाकडून खेळला. १९५६ मध्ये बाल्टिमोरच्या संघाने त्याला घेतले. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा अजिंक्यपदाचा सामना त्याने जादा वेळेत २३–१७ असा जिंकून दिला. दूरचित्रवाणीवरून लक्षावधी लोकांनी पाहिलेल्या त्या सामन्यानंतर हा खेळ अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला. लागोपाठ ४७ सामन्यांत निदान एक तरी टचडाउनची फेक करण्याचा त्याचा उच्चांक १९६० पासून २०१२ पर्यंत अबाधित राहिला. त्याचे फेकीचे एकूण यार्ड ४०,२३९. २०२३ साली निवृत्त झालेल्या टॉम ब्रेडीचे ८९,२१४. ब्रेडीने तेवीस हंगामांत सात वेळा अजिंक्यपद मिळविले. त्याच्या थोरवीविषयी वाद नाही. परंतु १९५८ चा यार्ड आणि २०१८ चा यार्ड एकाच भावाने मोजणे म्हणजे आजोबांच्या वेळचा रुपया आणि नातवाच्या हातातला रुपया एकाच मोलाचा धरण्यासारखे आहे.

बचावाच्या खेळाडूंचा प्रश्न याहून विकट. क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्यापूर्वीच त्याला गाठून लोळवणे, यास ‘सॅक’ म्हणतात. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय रॅम्स संघाच्या डीकन जोन्स यास दिले जाते. साठीच्या दशकात या कामात त्याचा हात धरणारा विरळा. परंतु संघटनेने सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली ती १९८२ मध्ये, जोन्स निवृत्त होऊन आठ वर्षे लोटल्यावर. त्यामुळे ज्याने त्या पराक्रमाला नाव दिले, त्याच्या अधिकृत खात्यावर एकही सॅक नाही. लॉरेन्स टेलर १९८१ साली खेळू लागला, तर त्याचे पहिले वर्षही या हिशेबातून गळाले. २०२१ साली काही अभ्यासकांनी जुन्या सामन्यांची कागदपत्रे धुंडाळून १९६० पर्यंतचे आकडे उजेडात आणले. अधिकृत शिक्का त्यांवर नव्हता, पण जोन्सचे नाव निदान आकड्यांच्या रूपाने दिसू लागले.

आणि ज्यांच्यासाठी कोणतेच माप निघाले नाही, ते ते पुढच्या फळीतले पाच जण. कॅन्टनचे कीर्तिमंदिर १९६३ साली उघडले. केवळ या फळीत खेळलेल्या गड्याला तेथे प्रथम प्रवेश मिळाला तो १९७३ मध्ये. त्याचे नाव जिम पार्कर, आणि युनायटसला चेंडू फेकण्यास जो क्षणभराचा अवकाश मिळे, तो मिळवून देणारा हाच गडी. युनायटसचे यार्ड मोजले गेले, पार्करने दिलेले क्षण कोणी मोजले नाहीत.

या फळीच्या मध्यभागी पिट्सबर्गचा माईक वेबस्टर १९७४ पासून १९८८ पर्यंत उभा राहिला आणि नंतर आणखी दोन हंगाम दुसऱ्या संघाकडून खेळला. त्याच्या संघाने चार वेळा अजिंक्यपद जिंकले. १९९४ साली संघटनेने आपल्या पंच्याहत्तर वर्षांतील सर्वोत्तम संघ निवडला, त्यात त्या जागेवर वेबस्टरचे नाव होते. प्रत्येक खेळीच्या आरंभी डोक्याला डोके भिडविणे हा त्याचा व्यवसाय होता. निवृत्तीनंतर त्याची स्मृती आणि चित्त ढासळत गेले. काही काळ तर राहण्याचे ठिकाणही त्याला उरले नव्हते. २००२ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. पिट्सबर्ग येथील डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणारी विकृती त्यात आढळल्याचे २००५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून जाहीर केले. पुढे हजारो माजी खेळाडूंनी संघटनेवर दावे लावले आणि २०१५ साली न्यायालयाने भरपाईच्या तडजोडीस मान्यता दिली. यार्ड, झेल, सॅक यांचा हिशेब ठेवणाऱ्या या खेळाने धक्क्यांचा हिशेब कधी ठेवला नव्हता. तो वेबस्टरच्या शरीरानेच ठेवला.

२०१९ साली संघटनेची शंभरी भरत आली, तेव्हा २६ जाणकारांच्या मंडळाने शतकातील शंभर खेळाडू निवडले. त्यांना पहिला, दुसरा असे क्रमांक दिले नाहीत. दहा क्वार्टरबॅक, बारा धावणारे, याप्रमाणे जागेजागेवरचे गडी वेगवेगळे वेचले. बॉ, युनायटस आणि ब्रेडी एकाच पंक्तीस बसले. हटसन, ब्राऊन, राईस आणि टेलर तर होतेच. डीकन जोन्स होता, जिम पार्कर होता, बंद दारातून पहिल्यांदा आत आलेल्यांपैकी मॅरियन मॉटली होता. या शंभरांत जिम थॉर्प मात्र नव्हता. १९५० साली जो सर्वांत श्रेष्ठ ठरला होता, त्याला शंभरांतही जागा उरली नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२२ च्या जुलैमध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९१२ च्या दोन्ही शर्यतींचा एकमेव विजेता म्हणून थॉर्पचे नाव पुन्हा लिहिले. १९८२ साली त्याला केवळ सहविजेता मानण्यात आले होते. अन्याय झाल्यास एकशे नऊ वर्षे लोटली होती आणि थॉर्पला जाऊन जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती. तरीही न्याय करता आला, कारण स्टॉकहोममध्ये कोणीतरी घड्याळ आणि फीत घेऊन उभे होते आणि त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले होते. कॅन्टनच्या मैदानावर तसे कोणी नव्हते. थॉर्पचा फुटबॉलमधील क्रमांक आता कोणतीही समिती परत देऊ शकणार नाही. फ्रिट्झ पोलार्डला कीर्तिमंदिरात स्थान मिळाले, तेही २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. केनी वॉशिंग्टनच्या सहा हंगामांचे तर लिहिण्यासारखे काही घडूच दिले गेले नाही. श्रेष्ठ खेळाडूंच्या नव्या याद्या यापुढेही निघत राहतील आणि लोक त्या आवडीने वाचतील. त्या वाचताना पहिले नाव कोणाचे, हे पाहून झाल्यावर, कोणते माप लावले आणि ते माप कोणापर्यंत पोहोचले नाही, एवढेही पाहिले, तर ती यादी अधिक खरी वाटेल.